घुमटातला चंद्र

ताई,

तू कशी गेलीस, हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता ती गोष्ट मलाच दुसऱ्या कोणाची तरी वाटायला लागली आहे. ओट्यावर बसली होती, पाणी मागितलं, गडू हातात घेतला आणि गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मी प्रत्येकाला तेवढंच सांगते. तुला ते सांगण्यात काही अर्थ नाही, तू तिथेच होतीस. मला तुझ्याशी वेगळं बोलायचं आहे. आपला एक वाद अर्धवट राहिला आहे आणि तू मधूनच उठून गेलीस. ही तुझी जुनी खोड. हरायची वेळ आली की तुला चुलीवरचं दूध आठवायचं.

वाद त्या चंद्राचा. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण तू ही गोष्ट सांगताना नेहमी आपल्या सोयीचा तुकडा तेवढा उचलायचीस.

माझी गाठ काढली त्या वर्षी तू माझ्या नावानं संकष्टी चतुर्थी धरलीस. मला विचारलं नाहीस. मी मलकापूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. ग्रहण असलं की पोरांना मैदानात उभं करायचं आणि मुद्दाम भजी खायला घालायची, ही माझी ख्याती. आणि माझीच सख्खी बहीण तिकडे सासरी, उंद्रीत, दर महिन्याला माझ्यासाठी दिवसभर उपाशी राहणार आणि चंद्र पाहून मग जेवणार. मी भांडले. उपाशी तू राहणार आणि बरी मी होणार, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, असं विचारलं. तू तूर निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुह्या पुस्तकात नसन लिहिलं. मी कुठं तुले उपाशी ठेवून राह्यली? तू जेव नं."

मी जेवत राहिले आणि तू उपास करत राहिलीस.

मला वर्षातून एकदा तपासणीला मुंबईला जावं लागायचं. एरवी हे सोबत यायचे, पण त्या खेपेला ह्यांचे गुडघे धरले होते म्हणून तू आलीस. मलकापूरच्या फलाटावर तू एवढ्या पिशव्या घेऊन उभी होतीस की मला वाटलं, तू मुंबईला राहायलाच चाललीस. दवाखान्यात फोटो काढले आणि डॉक्टरांना छातीत एक डाग दिसला. परवा सांगतो म्हणाले, काही नसेलही म्हणाले, आणि हे सगळं ते टेबलावरच्या पेनकडे बघून म्हणाले. मी त्यावरून काय समजायचं ते समजले. तूही समजलीस. बाहेर आल्यावर तू माझ्या हातातली फाइल काढून आपल्या पिशवीत टाकलीस, जणू ती मला जड होत होती.

मधला एक पूर्ण दिवस मोकळा होता. रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच्या त्या धर्मशाळेत बसून राहिले असते तर भिंती मला खायला उठल्या असत्या. सकाळी तू वेणी घालता घालता म्हणालीस, "निमे, ते तू पोराइले सांगत असते नं, आभायाचा सिनेमा. चाल, थो पाहून येऊ."

तुला सांगितलं नव्हतं, पण मीही तो कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं फळ्यावर खडूनं तारांगण काढून दाखवायचे, प्रक्षेपक मध्ये असतो, घुमट वर असतो, सगळं पुस्तकातून. मुंबईला दर वर्षी जायचे ती दवाखान्यात, आणि दवाखान्यातून थेट स्टेशनवर. त्या दिवशी पहिल्यांदा मी मुंबईत औषधाच्या वासाबाहेर कुठे तरी गेले, ते तुझ्यामुळे.

तारांगणाचा खेळ दुपारी होता, म्हणून सकाळी आपण संग्रहालयात गेलो. प्राण्यांच्या दालनाच्या दाराशी तू चपला काढल्यास. पहारेकरी म्हणाला, काकू, चपला घाला, इथे चालतात. तू घातल्यास, पण आत पाऊल टाकताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावलास. मला तेव्हा हसू आलं. आत गेल्यावर आलं नाही. काचेच्या मागे अख्खं रान उभं होतं, ताई. वाघ, अस्वल, काळवीट, गवा, प्रत्येक जण चालता चालता कोणी हाक मारल्यासारखा थांबलेला. केसन् केस जागच्या जागी. मी मुलांना सस्तन प्राण्यांचे वर्ग शिकवते, गण शिकवते, आणि तिथे उभी राहिले तर मला एकही वर्ग आठवेना. नुसतं वाटत राहिलं की इतक्या तऱ्हांनी जगता येतं. डोक्यात त्या डागाचा विचार घेऊन फिरणाऱ्या बाईला हे वाटणं मोठंच होतं.

तू वाघापाशी फार वेळ थांबली नाहीस. तू थांबलीस ती रोह्यापाशी. बाहेर त्याला नीलगाय म्हणतात, आपल्याकडे रोही. तुमच्या हरभऱ्याचा दर वर्षी चट्टामट्टा करणारा. तू कमरेवर हात ठेवून त्याला खालून वर न्याहाळलंस. "हा इथं येऊन बसला का," म्हणालीस. "मोठा साजरा दिसून राह्यला. आमच्या वावरात पाह्यजे होता, मंग सांगतलं असतं." शेजारी एक गोरा पाहुणा उभा होता, त्याला वाटलं तू काही प्रार्थना म्हणते आहेस. तो अदबीनं बाजूला सरकला.

तू चौथी शिकलेली, पण अक्षर सोडायची नाहीस. प्रत्येक पाटी बोट ठेवून मोठ्यानं वाचायचीस, आणि मी पुढे जाऊन पुन्हा मागे यायचे. धनेशाच्या घरट्यापाशी तर आपण किती वेळ होतो. झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि अंडी उबवून पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला बाहेरून घास आणून भरवतो. तू पाटी वाचलीस, मग फटीतून दिसणारी ती चोच पाहिलीस, मग फळ घेऊन बसलेला नर पाहिलास. "बाळंतपन चांगलं हाये हिचं," म्हणालीस. "सासू नाई, जाऊ नाई, आन नवरा आनून घालते." थोड्या वेळानं म्हणालीस, "थो मातर वायला असन बापा." मी म्हटलं, हो ताई, नर खरंच खंगतो. तू मान हलवलीस. तुला ते पाटीवर लिहिलेलं नसतानाही ठाऊक असल्यासारखी.

मग तो समुद्रातला देवमासा, ज्याची नुसती हाडंच एवढी होती की आपल्या गावातलं कोणतंच घर त्याला पुरलं नसतं. तू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलीस आणि परत आलीस. हा काय खाते, असं विचारलंस. मी म्हटलं, त्याच्यातले सगळ्यात मोठे असतात ते बोटाएवढ्या कोळंब्या खातात. तू बराच वेळ वर पाहत राहिलीस. तेव्हा तुझ्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. कारण त्या दिवशी चतुर्थी होती, आणि तुझ्या पिशवीत उंद्रीहून तळून आणलेल्या मोदकांचा डबा होता, रात्री चंद्र पाहून उपास सोडायला.

मी म्हटलं होतं, ताई, प्रवासात आहेस, एवढं फिरतेस, आजच्या दिवस राहू दे. तू म्हणालीस, "आजच्याच दिवस राहू देऊ? उद्या काय हाये ते माहीत हाये नं तुले?"

आता तो घुमट.

आपण आत गेलो, पाठ मागे टाकायच्या खुर्च्यांवर बसलो. तू खुर्ची मागे झुकल्यावर दोन्ही हातांनी तिचे कठडे धरलेस. कोणत्या तरी शाळेची पोरं भरली होती, नुसता कलकलाट. वर पांढरं गोल छत आणि त्याच्या कडेनं मुंबईच्या इमारतींच्या काळ्या आकृत्या. मग एका माणसाचा मराठीतला शांत आवाज आला आणि पश्चिमेला सूर्य खाली जायला लागला. आकाश तांबूस झालं, जांभळं झालं. शहराचे दिवे लागले, चार-दोन तारे दिसले. आवाज म्हणाला, मुंबईतून आपल्याला एवढंच दिसतं. आता आपण शहराचे दिवे घालवू या.

आणि दिवे गेले.

ताई, त्या क्षणी ती सगळी पोरं एकदम गप्प झाली आणि मग त्यांच्यातून एक सुस्कारा निघाला, तो मला अजून ऐकू येतो. मला वाटलं खुर्ची खालून निघून गेली. एवढे तारे. आकाशगंगा डोक्यावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सांडलेल्या पिठासारखी. दक्षिणेला विंचू, नांगीसकट, अख्खा. तू माझं मनगट धरलंस. "निमे, आपलं खळं," म्हणालीस.

मला लगेच कळलं. मेहकरजवळचं आपलं माहेर, उन्हाळ्यात खळ्यावर राखणीला बाबांबरोबर आपण झोपायचो, मी तुझ्या हातावर डोकं ठेवून. आईला शेतातून उसंत नव्हती, मला कडेवर वागवलं ते तूच. हा इच्चू, ही त्याची नांगी, तिकडं बोट नको दाखवू, डसन, असं तूच मला शिकवलंस. विज्ञान मी तिथून सुरू केलं. आता उंद्रीतही खांबाखांबावर पांढरे दिवे आले, रात्री कोणी वर बघत नाही, बघितलं तरी पूर्वीचं दिसत नाही. ते आकाश मला वाटायचं बाबांबरोबर गेलं. ते इथे मुंबईत, समुद्राच्या काठी, एका घुमटात ठेवलेलं होतं. मी रडले, ताई. अंधार होता म्हणून तुला दिसलं नसेल.

तो आवाज सांगत होता, आज बाहेर ढग आहेत, ते नसते तर आज रात्री असंच आकाश आपल्यावर असतं. आज कृष्ण चतुर्थी. नऊ वाजून गेले की पूर्वेला चंद्र उगवेल. आपण जरा वेळ पुढे सरकवू. आणि तारे हलले. सगळं आकाश मिळून हललं, विंचू पश्चिमेकडे कलला, आणि पूर्वेच्या इमारतींमागे उजेड आला. मग चंद्र वर आला. पिवळा, एका बाजूनं थोडा झिजलेला, मोठा.

तू उठून उभी राहिलीस.

मी तुझा पदर ओढला. "ताई, बस खाली." तू म्हणालीस, "थांब नं वं, चंद्र उगून राह्यला." अंधारात तू चपला काढल्यास. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन खाली सोडलंस, ते माझ्या पायावर पडलं. हात जोडलेस, आणि जागच्या जागी स्वतःभोवती फिरून प्रदक्षिणा घातलीस. मागून कोणी तरी म्हणालं, काकू, बसा ना, दिसत नाही. तू प्रदक्षिणा पुरी करूनच बसलीस. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. तू एक मोदक माझ्या हातात ठेवलास आणि एक स्वतः खाल्लास. त्या सगळ्या शांततेत तुझ्या मोदकाच्या कडांचा कुरकुर आवाज येत होता. चतुर्थी सुटली, दुपारी साडेतीनच्या सुमाराला.

शरमेनं मला घुमटाखाली गाडून घ्यावंसं वाटत होतं. पण वर खेळ पुढे चालला होता. उल्का पडत होत्या, आणि आवाज म्हणाला, अशीच एक फार मोठी उल्का पुरातन काळी महाराष्ट्रात पडली, तिथे आज लोणारचं सरोवर आहे. तू मोदक गिळून मोठ्यानं म्हणालीस, "ते आमच्याकडचं हाये." सगळे हसले. अंधारातून त्या माणसानं विचारलं, कुठल्या आपण? तू म्हणालीस, "मेहकरच्या." जन्म उंद्रीत गेला, सुना-नातवंडं उंद्रीत, आणि तुझ्या तोंडून माहेरचंच नाव निघालं. तो म्हणाला, मग तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान, तुमच्या अंगणात आकाशातला पाहुणा येऊन गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू पदर सारखा केलास, अंधारात.

त्यानंतर त्यानं आपल्याला पृथ्वीवरून उचललं. पृथ्वी लहान होत गेली, लिंबाएवढी, मग मुगाएवढी. शनीच्या कड्यांमधून आपण गेलो. सूर्य एक ठिपका झाला आणि इतर ठिपक्यांत हरवला. मग सगळे ठिपके मिळून एक भोवरा झाला, आणि तो भोवराही इतर भोवऱ्यांत हरवला. मी हातात मोदक धरून सूर्यमालेच्या बाहेर गेले, ताई. माझ्या छातीतला डाग कुठे होता त्यात? शोधूनही सापडला नसता. एवढं सगळं काळोखात आपापलं फिरतं आहे, कोणाला न विचारता, ह्याची भीती वाटायला हवी होती. मला उलट गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. तू हळूच विचारलंस, "ह्याच्यात आपली उंद्री कुठं गेली?" मी म्हटलं, दिसत नाही आता. तू म्हणालीस, "हाये पन नं?" मी म्हटलं, हो, आहे. मग तू निवांत मागे टेकलीस, ती घुमटातल्या पूर्वेला उजाडेपर्यंत.

बाहेर आलो तर ढगाळ दुपार होती आणि बसच्या रांगेत लोक भांडत होते. तिथेच आपणही सुरू केलं.

मी म्हटलं, ताई, ते चित्र होतं. मध्ये ते यंत्र होतं ना, त्यातून टाकलेला उजेड. खरा चंद्र रात्री उगवणार आहे. तू एवढी शांत होतीस की मला जास्त राग आला. "मले काय समजत नाई का? यंत्र दिसलं मले." मग तू उठलीस कशाला? "चंद्र उगवला म्हून." मला आजही खात्री आहे, ती तुझी चूक होती. अंधार झाला, चंद्र आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तुझे पाय आपोआप उठले. पण चूक कबूल करणं तुझ्या जन्मात नव्हतं, म्हणून तू रांगेत उभ्या उभ्या तिचं शास्त्र तयार केलंस.

"आभाय आलं की आपन काय करतो?" तू विचारलंस. "कॅलेंडरात टाइम पाह्यतो, आन जिकळं चंद्र असन तिकळं हात जोडतो. दिसते का तवा? नाई दिसत. तरी चालते. मंग इथं तं दिसला. रात होती का नोती? होती. उगवला का नाई? उगवला. मी पाह्यला का नाई?"

"पण वेळ झाली नव्हती ना ताई. साडेतीन वाजता कुठं चतुर्थी सोडतात?"

"त्या मानसानं सांगतलं नं, नऊ वाजून गेले म्हून."

मी चिडले. इतकी चिडले की रांगेतले लोक बघायला लागले. मी म्हटलं, तुला गंमत वाटते, उद्या माझा रिपोर्ट आहे. इतकी वर्षं धरलंस आणि आजच, नेमकं आजच...

तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझ्या चेहऱ्यावर ते हसू पसरलं, जे लहानपणी मी लपवलेली कोणतीही गोष्ट तुला सापडली की पसरायचं. "म्हंजे तू मानते तं," म्हणालीस. "इतके वर्सं मले बोलते, आन सोता मानते."

संध्याकाळी धर्मशाळेच्या खानावळीत तू वरण-भात पोटभर जेवलीस आणि आडवी होऊन लगेच घोरायला लागलीस. आता जे सांगते ते तुला कधी सांगितलं नाही. नऊ वाजता मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. पूर्वेला एक उंच इमारत आणि तिच्यावर नुसते ढग. मी कठड्यावरून बाहेर वाकून पाहिलं, मग जिना चढून वरच्या मजल्यावर गेले, तिथून पाहिलं. ग्रहणात भजी खाणारी बाई दुसऱ्याच्या उपासासाठी चंद्र शोधत होती. एकदा ढग जरा उजळल्यासारखे झाले. मी हात जोडले की नाही ते विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले. डाग जुनाच होता, कधी काळच्या खोकल्याची खूण. पुढल्या वर्षी या म्हणाले. तू त्यांना उरलेले मोदक दिलेस आणि त्यांनी घेतले.

परतीच्या गाडीत आपण कसारा चढेपर्यंत भांडत होतो. मी म्हणत होते, बघ, उपास मोडला तरी मी ठीक निघाले, म्हणजे उपासाचा आणि माझा काही संबंध नाही. तू म्हणत होतीस, तू ठीक निघालीस, म्हणजेच उपास मोडला नव्हता. एकच रिपोर्ट, दोघींचा पुरावा. समोरच्या बाकावरचे एक आजोबा कंटाळून वरच्या बर्थवर जाऊन झोपले.

तेव्हापासून मी तुला दर चतुर्थीला चंद्र उगवला की फोन करायला लागले, चिडवायला. "ताई, खरा उगवला बरं का." तू म्हणायचीस, "हाव, इकळं बी उगवला, आता जेवतो." मग आपण अर्धा अर्धा तास बोलायचो. रोही हरभऱ्यात शिरले, नातवाला सायकल घेतली, सुनेचं आणि तुझं भाजीत मीठ किती यावरून वाजलं, आणि शेवटी तो वाद, तू तुझ्या जागी, मी माझ्या. त्या फोनसाठी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चतुर्थी पाहायला लागले. ह्यांनी एकदा विचारलं, तू कधीपासून चतुर्थ्या पाहायला लागलीस? मी म्हटलं, ते खगोलशास्त्र आहे.

मागच्या तपासणीला मी एकटी गेले आणि हसत गेले. मनात म्हटलं होतं, मी काय वाटेल ते बोलेन, पण तिकडे उंद्रीत एक बाई आहे, ती उपाशी राहते आहे. हे मी कोणासमोर कबूल केलं नसतं. रिपोर्ट चांगला आला. तुला फोनवर सांगितलं तर म्हणालीस, "मंग? मले माहीतच होतं."

तुझ्या तेरवीला सगळे जेवून गेल्यावर मी आणि तुझी सून वैशाली मागच्या अंगणात भांडी लावत होतो. मी सहज म्हटलं, वैशाली, ह्या चतुर्थीला मला चुकल्यासारखं होईल गं, ताईचा उपास सुटायचा आणि आमचं बोलणं व्हायचं. तिनं हातातली परात खाली ठेवली.

"मावशी," ती म्हणाली, "मुंबईवून आल्यापासून त्यायनं चतुर्थी सोडली होती. आमच्यासंगंच जेवत. सात वाजता, सगळ्याइच्या पंक्तीले. मंग तुमचा फोन येन म्हून ओट्यावर जाऊन बसत. मले म्हनल्या होत्या, निमीले नको सांगू, तिचा जीव थाऱ्यावर राहू दे."

मी विचारलं, का सोडली? त्या चंद्रामुळे?

"मी बी इचारलं होतं. त्या म्हनल्या, वर केवढं हाये ते मी पाहून आली. ज्याले थे सारं सांभायता येते, त्याले माह्या निमीची मी दर महिन्याले कायले आठवन करून देऊ? त्याच्या ध्यानात हाये ती."

मला आधी राग आला. खरंच आला. तू मला न विचारता धरलंस आणि न विचारता सोडलंस. इतके महिने तू पोटभर जेवून, ओट्यावर बसून मला "आता जेवतो" सांगत होतीस, आणि मी तुझ्या उपाशी पोटाची काळजी करत फोन लवकर ठेवायचे. लवकर म्हणजे अर्ध्या तासानं. मग परात पुसता पुसता माझ्या लक्षात आलं की त्या घुमटाखाली आपण दोघी शेजारी शेजारी बसलो होतो आणि मला वाटत होतं, इतक्या मोठ्या पसाऱ्यात आपण हरवलो ते बरं झालं. तुला त्याच पसाऱ्यात, त्याच वेळी, मी कोणाच्या तरी ध्यानात असलेली दिसले होते. एवढं मोठं आकाश पाहून मी स्वतःला विसरले, आणि तू मला तिथे कोणाकडे तरी सोपवून आलीस. मी त्या सोपवण्यावर विश्वास ठेवते की नाही, हे मला माहीत नाही. पण तू ठेवला होतास, आणि ज्या माणसानं मला कडेवर वागवलं त्यानं ठेवलेला विश्वास मला फेकता येत नाही. तुझी आठवण येते गं. दिवसातून केव्हाही येते, भूक लागते तशी.

पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. ह्या वेळी मला भीती वाटते आहे, कारण फोन करून सांगायला कोणी नाही. पण जाणार आहे. मुंबईत एक दिवस जास्त राहणार आणि घुमटाखाली जाऊन बसणार आहे, शेजारची खुर्ची रिकामी मिळाली तर बरं.

आता वादाचं. हिशेब सरळ आहे. तू चतुर्थी सोडलीस, कोणी माझ्यासाठी उपाशी नव्हतं, मधली तपासणी झाली आणि मी ठणठणीत निघाले. उपासाचा काही संबंध नव्हता, हे सिद्ध झालं, आणि ते तूच सिद्ध केलंस. म्हणजे मी जिंकले, ताई. आता समोर बस, पदर खोच, आणि म्हण नाई म्हून.